निषेधानंतर काय?

१४ जून १९८५ च्या पहाटे दक्षिण आफ्रिकेचे कमांडो सरहद्द ओलांडून बोत्सवानाच्या राजधानीत, गाबोरोनमध्ये शिरले. गाबोरोन सरहद्दीला खेटूनच आहे. मधले अंतर पंधरा-एक किलोमीटरचे. कोणत्या घरांवर जायचे हे आधीच ठरले होते. त्या घरांवर गोळीबार झाला, स्फोट झाले आणि उजाडायच्या आत कमांडो आपल्या हद्दीत परतले. मागे बारा माणसे मरून पडली होती. त्यांत एक लहान मूल होते. त्यांत थामी म्न्येले हा चित्रकारही होता. जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा वस्तीत जन्मलेला हा कलावंत वर्णभेदी राजवटीतून बाहेर पडून गाबोरोनमध्ये आला होता आणि 'मेडू' या कलावंतांच्या गटात पोस्टर करत होता. हल्लेखोरांनी त्याची चित्रेही उचलून नेली. पुढे ती दक्षिण आफ्रिकेच्या दूरचित्रवाणीवर पुरावा म्हणून दाखवण्यात आली.

म्न्येले आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या सशस्त्र शाखेशी जोडलेला होता. ही गोष्ट लपवण्याचे कारण नाही. पण त्या रात्री मेलेल्यांत संघटनेशी काडीचाही संबंध नसलेली माणसे होती. आणि बोत्सवाना हा देश तर कोणाशीच युद्ध करत नव्हता. निर्वासितांना आसरा द्यायचा, मात्र आपल्या भूमीवरून कोणालाही शेजाऱ्यावर हल्ला करू द्यायचा नाही, हे त्याचे जाहीर धोरण होते.

आठवड्याभरात, २१ जूनला, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ५६८ क्रमांकाचा ठराव एकमताने मंजूर केला. हल्ल्याचा तीव्र निषेध झाला, पूर्ण नुकसानभरपाईची मागणी झाली, हानीची पाहणी करण्यासाठी पथक पाठवण्याचे ठरले. अमेरिकेने प्रिटोरियातला आपला राजदूत माघारी बोलावला. मुत्सद्देगिरीच्या नियमपुस्तिकेत जे जे लिहिलेले असते ते बहुतेक सगळे झाले. आणि अकरा महिन्यांनी, १९ मे १९८६ रोजी, दक्षिण आफ्रिकेने पुन्हा गाबोरोनवर हल्ला केला. त्याच दिवशी झिम्बाब्वेच्या हरारेवर आणि झांबियाच्या लुसाकावरही.

मग निषेधाचा उपयोग काय? हे पुस्तक या एका प्रश्नाभोवती उभे आहे. १९७५ ते १९८८ या काळात दक्षिण आफ्रिकेने आपल्या शेजाऱ्यांवर केलेले हल्ले आणि त्यांना जगाने दिलेला प्रतिसाद, हा त्याचा विषय. वर्णभेदाविरुद्धच्या लढ्याबद्दल मराठीत बरेच लिहिले गेले आहे. मंडेलांचा तुरुंगवास, सोवेटोचा उठाव, क्रिकेटवरचा बहिष्कार आपल्याला ठाऊक असतो. त्या लढ्याची झळ सोसणारे शेजारी देश मात्र आपल्या नजरेतून सुटले. म्हणून या प्रस्तावनेत त्या देशांचा नकाशा, तिथला कायद्याचा वाद आणि सुरक्षा परिषदेच्या दालनातले राजकारण थोडे विस्ताराने मांडत आहे.

या विषयावर दोन मते हमखास ऐकू येतात. एक म्हणते, संयुक्त राष्ट्रे म्हणजे कागदी घोडे नाचवण्याची जागा. बळी तो कान पिळी हाच जगाचा नियम. दुसरे म्हणते, जगाच्या विवेकाने अखेर वर्णभेदाला नमवले, तेव्हा ठरावांची शक्ती सिद्ध झाली. दोन्ही मतांना आधार आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. मला या इतिहासात दिसते ते असे: निषेध पोकळ नसतो, पण तो एकटा पुरत नाही. हल्लेखोराला त्याची किंमत मोजावी लागते तेव्हाच त्याला धार येते. निषेध आणि किंमत यांच्यामध्ये जो काळ जातो, त्याचा सगळा भार हल्ला झालेल्या देशावर पडतो. मुत्सद्देगिरीचे मोजमाप करायचे तर ते या मधल्या काळावरून करावे लागेल.

*

आधी नकाशा. १९७४ पर्यंत दक्षिण आफ्रिकेभोवती मित्रांचे कडे होते. पूर्वेला मोझांबिक आणि पश्चिमेला अंगोला या पोर्तुगालच्या वसाहती होत्या, मध्ये ऱ्होडेशियात गोऱ्या अल्पसंख्याकांचे राज्य होते आणि नामिबिया तर दक्षिण आफ्रिकेच्याच ताब्यात होता. हा ताबा बेकायदा असल्याचा सल्लादर्शक अभिप्राय आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९७१ मध्येच दिला होता. एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनमधली हुकूमशाही कोसळली आणि हे कडे तुटू लागले. जून १९७५ मध्ये मोझांबिक, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अंगोला आणि एप्रिल १९८० मध्ये झिम्बाब्वे (पूर्वीचा ऱ्होडेशिया) स्वतंत्र झाले. टांझानिया, झांबिया, बोत्सवाना आणि हे तीन नवे देश मिळून 'फ्रंटलाइन स्टेट्स' म्हणून ओळखले जाऊ लागले. टांझानियाचे ज्युलियस न्येरेरे हे या गटाचे वडीलधारे. १९८५ नंतर ती जबाबदारी झांबियाच्या केनेथ कौंडांकडे आली.

या देशांची अडचण अशी, की ज्याच्याशी वैर त्याच्याच दारातून त्यांचा संसार चालत होता. लेसोथोला तर चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेले आहे. त्याची राजधानी मासेरू कॅलेडॉन नदीच्या काठावर आहे आणि नदीपलीकडे दक्षिण आफ्रिका. बोत्सवानाची बहुतेक आयात दक्षिण आफ्रिकेतूनच यायची. झिम्बाब्वेला समुद्र गाठायचा तर जवळचा रस्ता मोझांबिकच्या बैरा बंदराचा. पण त्या लोहमार्गावर दक्षिण आफ्रिकेच्या पाठबळावर पोसलेली रेनामो ही बंडखोर संघटना घातपात करत असे, आणि माल पुन्हा दक्षिण आफ्रिकेच्या बंदरांकडे वळत असे. मोझांबिकचे हजारो मजूर जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणींत राबत होते. ज्या राष्ट्रावर निर्बंध घाला म्हणून या देशांनी जगाला साकडे घातले, त्याच्यावर स्वतः निर्बंध घालणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते.

लेसोथोची कहाणी थोडी जवळून पाहू, कारण तिच्यात या विषयाचे सगळे पैलू आहेत. ९ डिसेंबर १९८२ रोजी दक्षिण आफ्रिकी सैन्याने मासेरूवर छापा घातला. ४२ माणसे मारली गेली. त्यांतले ३० दक्षिण आफ्रिकेतून आलेले आणि १२ लेसोथोचे स्वतःचे नागरिक. राजे मोशोएशोए दुसरे न्यूयॉर्कला जाऊन सुरक्षा परिषदेपुढे उभे राहिले. १५ डिसेंबरला ५२७ क्रमांकाचा ठराव एकमताने मंजूर झाला. तीन वर्षांनी, २० डिसेंबर १९८५ रोजी, मासेरूत पुन्हा नऊ जणांची हत्या झाली. ३० डिसेंबरला ५८० क्रमांकाचा ठराव झाला. पुन्हा एकमताने, पुन्हा नुकसानभरपाईच्या मागणीसह. पण दोनच दिवसांनी नवे वर्ष उजाडले ते नाकेबंदी घेऊन. दक्षिण आफ्रिकेने लेसोथोच्या सरहद्दीवरची वाहतूक आवळली. इंधन, अन्नधान्य, औषधे अडकली. २० जानेवारी १९८६ रोजी जनरल लेखान्या यांनी लष्करी उठाव करून पंतप्रधान लेआबुआ जोनाथन यांना पदच्युत केले. नव्या सरकारने आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या लोकांना देशाबाहेर पाठवायला सुरुवात केली आणि नाकेबंदी उठली.

ठराव आणि उठाव यांच्यात अवघे तीन आठवडे गेले. सगळे जग एकमताने लेसोथोच्या बाजूने होते आणि तरीही लेसोथोचे सरकार टिकले नाही. परिषदेच्या ठरावात सदस्य देशांनी लेसोथोला मदत करावी असे आवाहन होते. पण वेढलेल्या देशाकडे धान्याचे पोते पोहोचवायचे कोणत्या रस्त्याने, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

मोझांबिकने दुसरा मार्ग पत्करला. जानेवारी १९८१ मध्ये मापुटोजवळच्या मातोला इथे छापा पडला होता, रेनामोचा हैदोस वाढत होता, दुष्काळाने देश पोळला होता. १६ मार्च १९८४ रोजी अध्यक्ष सामोरा माशेल यांनी दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान पी. डब्ल्यू. बोथा यांच्याबरोबर न्कोमाती नदीकाठी करार केला: एकमेकांच्या विरोधकांना थारा द्यायचा नाही. मोझांबिकने शब्द पाळला. पुढच्या वर्षी गोरोंगोसा भागातला रेनामोचा मुख्य तळ हाती आला तेव्हा तिथे सापडलेल्या डायऱ्यांतून उघड झाले, की दक्षिण आफ्रिकेची रसद करारानंतरही चालूच होती. बंदुकीच्या धाकाखाली झालेल्या करारावर कोणाची देखरेख नसेल तर त्याचे काय होते, याचा हा धडा आहे.

*

आता कायदा. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे कलम २(४) दुसऱ्या देशाच्या भौगोलिक अखंडतेविरुद्ध बळाचा वापर करायला मनाई करते. कलम ५१ सशस्त्र हल्ला झाल्यास स्वसंरक्षणाचा हक्क मान्य करते. या दोन कलमांच्या मधल्या जागेत जगातले बहुतेक सीमापार हल्ले आपले समर्थन शोधत असतात. डिसेंबर १९७४ मध्ये महासभेने ३३१४ क्रमांकाच्या ठरावाने आक्रमणाची व्याख्या केली आणि राजकीय, आर्थिक, लष्करी अशा कोणत्याही सबबीने आक्रमण समर्थनीय ठरत नाही असे बजावले.

दक्षिण आफ्रिकेची बाजू अशी होती: शेजारी देश दहशतवाद्यांना आसरा देतात; ते आमच्याकडे घातपात करून पळून जातात; म्हणून आम्ही त्यांचा पाठलाग करतो. पाठलागाचा हा हक्क आंतरराष्ट्रीय कायद्यात आहे, पण तो समुद्रावरचा. आपल्या पाण्यात गुन्हा केलेल्या जहाजाचा खुल्या समुद्रावर पाठलाग करता येतो, आणि ते जहाज दुसऱ्या देशाच्या सागरी हद्दीत शिरताच तो हक्क संपतो. जमिनीवरची सरहद्द ओलांडून राजधानीतल्या घरांत झोपलेल्या माणसांवर गोळ्या झाडण्याला त्याचा आधार घेता येत नाही. ठराव ५६८ ने 'पाठलागा'ची ही सबब स्पष्ट शब्दांत फेटाळली. वर्णभेदाला बळी पडलेल्यांना आसरा देण्याचा बोत्सवानाचा हक्कही त्याच ठरावाने उचलून धरला.

या गोष्टीचे मोल कमी लेखू नये. हल्लेखोराला जमीन किंवा जीव हवे असतात, तसेच आपण केले ते रास्त होते हेही जगाकडून वदवून घ्यायचे असते. ज्या दिवशी एकमताने सांगितले गेले की हा स्वसंरक्षणाचा प्रकार नाही, हे आक्रमण आहे आणि आसरा देणारा दोषी नाही, त्या दिवशी प्रिटोरियाची एक सबब कायमची गेली. पुढे बँका, विमा कंपन्या, विद्यापीठे आणि संसदा यांनी दक्षिण आफ्रिकेशी संबंध तोडण्याचा विचार केला तेव्हा त्यांना वादाची सुरुवात मुळापासून करावी लागली नाही. दोष कोणाचा, हे नोंदवून झाले होते.

*

पण सुरक्षा परिषदेच्या दालनातले मतदान बारकाईने पाहिले की एक सूत्र हाती येते. मार्च १९७६ मध्ये अंगोलावरच्या आक्रमणाबद्दल ३८७ क्रमांकाचा ठराव झाला, तेव्हा नऊ मते बाजूने पडली आणि अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, इटली, जपान तटस्थ राहिले. ४ मे १९७८ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या छत्रीधारी सैनिकांनी अंगोलाच्या आत सुमारे २५० किलोमीटरवर असलेल्या कासिंगा इथल्या नामिबियन वस्तीवर हल्ला केला आणि सहाशेहून अधिक माणसे मेली. दोनच दिवसांत ४२८ क्रमांकाचा निषेधाचा ठराव एकमताने झाला आणि पुन्हा असे घडल्यास कठोर उपाय योजू असा इशारा दिला गेला. ऑगस्ट १९८१ मध्ये दक्षिण आफ्रिकेने अंगोलात मोठी फौज घुसवली. इशारा खरा करण्याची वेळ आली होती. पण निषेधाच्या मसुद्यावरच अमेरिकेने नकाराधिकार वापरला. तेरा देश बाजूने, ब्रिटन तटस्थ, एक विरोधात. मे १९८६ मध्ये तीन राजधान्यांवरच्या हल्ल्यांनंतर निवडक निर्बंध सुचवणारा मसुदा आला तेव्हा अमेरिका आणि ब्रिटन दोघांनीही तो अडवला.

सूत्र असे, की शब्दांपुरता मामला असला तर बहुधा एकमत; सनदेच्या सातव्या प्रकरणाखाली सक्तीचे निर्बंध येतात असे दिसले की नकाराधिकार. त्यामागे शीतयुद्ध होते. अंगोलात क्यूबाचे सैन्य होते, म्हणून अंगोलावरचा हल्ला वॉशिंग्टनला आक्रमण म्हणून दिसण्याआधी सोव्हिएत गटाशी चाललेल्या झुंजीचा भाग म्हणून दिसत असे. बोत्सवाना लोकशाही देश, पश्चिमेचा स्नेही. त्याच्यासाठी राजदूत माघारी आला. रेगन यांच्या काळात आफ्रिकेचे धोरण सांभाळणारे चेस्टर क्रॉकर यांचा भर प्रिटोरियाशी बोलत राहून तिला वळवण्यावर होता. ब्रिटनमध्ये मार्गारेट थॅचर यांचा निर्बंधांनाच विरोध होता. त्यांची झळ काळ्या कामगारांना आधी लागेल असे त्या म्हणत. हे म्हणणे विचारात घेण्याजोगे आहे, पण झळ सोसण्याची तयारी दाखवत निर्बंधांची मागणी करणाऱ्यांत त्याच कामगारांच्या संघटना आणि आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्यासारखी माणसे होती, हे त्या हिशेबात धरले गेले नाही.

एक अपवाद मात्र मोठा आहे. ४ नोव्हेंबर १९७७ रोजी, वर्णभेदविरोधी नेते स्टीव्ह बिको यांच्या पोलीस कोठडीतल्या मृत्यूनंतर दोन महिन्यांच्या आत, ४१८ क्रमांकाच्या ठरावाने दक्षिण आफ्रिकेवर सक्तीची शस्त्रबंदी लादली गेली. सदस्य राष्ट्रावर सातव्या प्रकरणाखाली असे निर्बंध येण्याची ही पहिलीच वेळ. ती बंदी सच्छिद्र होती. अमेरिका आणि कॅनडा यांच्या सरहद्दीवरल्या एका कंपनीने लांब पल्ल्याच्या तोफांचे गोळे आणि तंत्र चोरून पुरवले. तिचे प्रमुख जेरल्ड बुल यांना १९८० मध्ये शिक्षाही झाली. दक्षिण आफ्रिकेने स्वतःचे शस्त्रकारखाने उभारले. तरी नवी लढाऊ विमाने काही तिला मिळेनात. दहा वर्षांनी, अंगोलातल्या क्वितो क्वानावालेच्या लढाईत, जुन्या मिराज विमानांची गाठ सोव्हिएत मिग-२३ विमानांशी पडली आणि आकाशावरची हुकमत हातची गेली. १९७७ चा ठराव १९८८ मध्ये फळाला आला. किंमत वसूल झाली, पण केवढ्या उशिराने!

*

मुत्सद्देगिरी फक्त सुरक्षा परिषदेत चालत नाही, हे १९८५-८६ च्या घडामोडींतून दिसते. या पुस्तकातला तो भाग वाचकांनी सावकाश वाचावा. ऑक्टोबर १९८५ मध्ये बहामातल्या नासाऊ इथे राष्ट्रकुल परिषद भरली. निर्बंधांवरून थॅचर एका बाजूला आणि राजीव गांधी, कौंडा, झिम्बाब्वेचे मुगाबे, कॅनडाचे मलरोनी, ऑस्ट्रेलियाचे हॉक दुसऱ्या बाजूला, अशी ओढाताण झाली. शेवटी मान्यवर व्यक्तींचा एक गट दक्षिण आफ्रिकेत पाठवण्याची तडजोड निघाली. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान माल्कम फ्रेझर आणि नायजेरियाचे माजी राष्ट्रप्रमुख ओलुसेगुन ओबासांजो हे सहअध्यक्ष, आणि सात जणांत भारताचे माजी परराष्ट्रमंत्री सरदार स्वर्णसिंग.

या गटाकडून फार कोणाला आशा नव्हती. पण त्यांनी चिकाटीने काम केले. पोल्समूर तुरुंगात जाऊन ते नेल्सन मंडेलांना भेटले. सरकारने वस्त्यांतून सैन्य काढावे, मंडेलांना सोडावे, संघटनांवरची बंदी उठवावी. दुसऱ्या बाजूने हिंसा स्थगित व्हावी आणि वाटाघाटी सुरू व्हाव्यात, असा आराखडा त्यांनी पुढे ठेवला. मंडेलांनी अनुकूलता दाखवली. १९ मे १९८६ रोजी गट केपटाउनमध्ये मंत्र्यांना भेटणार होता, आणि त्याच दिवशी गाबोरोन, हरारे आणि लुसाका या तीन राष्ट्रकुल देशांच्या राजधान्यांवर हल्ले झाले. वाटाघाटी नकोत, हेच ते उत्तर होते आणि सगळ्यांना ते कळले. गट लगेच परतला.

पण याच वेळी हल्ल्याची किंमत वाढली. अर्जेंटिनाने संबंध तोडले. कॅनडाने राजदूत बोलावून घेतला. अमेरिकेने दक्षिण आफ्रिकेच्या लष्करी प्रतिनिधीची हकालपट्टी केली. वाटाघाटींची संधी कोणी घालवली याबद्दल संशयाला जागा राहिली नाही, आणि जून महिन्यात आलेल्या गटाच्या अहवालाने ते सविस्तर मांडले. ऑगस्टमध्ये लंडनला जमलेल्या सात राष्ट्रकुल नेत्यांपैकी सहांनी कडक निर्बंधांचा मार्ग धरला. ब्रिटन मागे राहिला, पण एकटा. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने रेगन यांचा नकार ओलांडून व्यापक वर्णभेदविरोधी कायदा मंजूर केला. सिनेटमध्ये ७८ विरुद्ध २१ मते पडली. नवी गुंतवणूक बंद, कोळसा, पोलाद, युरेनियम यांची आयात बंद, दक्षिण आफ्रिकी विमानांना अमेरिकेत उतरायला मनाई. हा कायदा फक्त सीमापार हल्ल्यांमुळे आला असे म्हणणे चुकीचे होईल. त्यामागे अमेरिकेतल्या चळवळीची अनेक वर्षांची मेहनत आणि दक्षिण आफ्रिकेतल्या आणीबाणीची दृश्ये होती. पण 'बोलत राहू, वळवू' या धोरणाची उरलीसुरली पत त्या मे महिन्यात संपली. त्याआधी १९८५ च्या मध्यास चेस मॅनहॅटन बँकेने दक्षिण आफ्रिकेच्या कर्जाचे नूतनीकरण थांबवले होते, इतर बँकांनी तिचा कित्ता गिरवला आणि प्रिटोरियाला कर्जफेड गोठवावी लागली होती. सरकारे चर्चा करत असताना सावकारांनी हिशेब केला होता.

हल्लेखोराला शिक्षा देणे हा प्रतिसादाचा अर्धा भाग. मार खाणाऱ्याला उभे ठेवणे हा उरलेला अर्धा, आणि त्याच्याकडे फार कमी लक्ष जाते. सप्टेंबर १९८६ मध्ये हरारेला भरलेल्या अलिप्त राष्ट्रांच्या शिखर परिषदेने 'आफ्रिका निधी' उभारला. त्याच्या समितीचे अध्यक्षपद राजीव गांधींकडे होते. आक्रमण सोसणाऱ्या फ्रंटलाइन देशांना आणि मुक्तिलढ्यांना बळ द्यायचे, हा त्याचा उद्देश. या देशांनी १९८० मध्येच आपली विकास-सहकार्य परिषद स्थापून रस्ते, रेल्वे, बंदरे यांची दक्षिण आफ्रिकेवरची मदार कमी करायला सुरुवात केली होती. बैरा लोहमार्गाच्या रक्षणासाठी झिम्बाब्वेचे सैन्य मोझांबिकमध्ये उभे राहिले. लेसोथोची कहाणी वाचलेल्याला या कामाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. पर्यायी रस्ता नसेल तर एकमताचा ठरावही उपाशी माणसाच्या उपयोगी पडत नाही.

भारताचा इथे उल्लेख येतो तो मोठेपणा मिरवण्यासाठी नव्हे. १९४६ मध्ये, स्वातंत्र्याच्याही आधी, भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला आणि तिथल्या भारतीयांच्या वागणुकीचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. तेव्हा भारत गरीब होता आणि तो व्यापार लहान नव्हता. निषेध आणि किंमत यांच्यातले अंतर मिटवता येते, एवढे त्यातून दिसते.

*

शेवट कसा झाला हे पुढच्या प्रकरणांत येईलच. २२ डिसेंबर १९८८ रोजी न्यूयॉर्कमध्ये अंगोला, क्यूबा आणि दक्षिण आफ्रिका यांनी करारांवर सह्या केल्या. दहा वर्षे पडून असलेला नामिबियाच्या स्वातंत्र्याविषयीचा ४३५ क्रमांकाचा ठराव अखेर अमलात आला. संयुक्त राष्ट्रांची जी फौज नामिबियात उतरली तिचे नेतृत्व भारताचे निवृत्त लेफ्टनंट जनरल देवान प्रेमचंद यांच्याकडे होते. २१ मार्च १९९० रोजी नामिबिया स्वतंत्र झाला. वर्णभेद संपल्यावर दक्षिण आफ्रिकेच्याच सत्य आणि समेट आयोगाने आपल्या अहवालात नोंदवले, की त्या राजवटीच्या बळींपैकी बहुसंख्य देशाच्या सरहद्दीबाहेरचे होते. हे वाक्य वाचल्यावर आपण त्या लढ्याचा जो नकाशा मनात धरून असतो तो बदलावा लागतो. बोत्सवाना आणि लेसोथोने मागितलेली भरपाई प्रिटोरियाच्या त्या सरकारने कधीच मान्य केली नाही.

निषेध आणि किंमत यांच्यामधला हा काळ अटळ होता का? त्याचे उत्तर थोड्याच वर्षांत मिळाले. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत गिळंकृत केले. त्याच दिवशी निषेधाचा ठराव झाला आणि चारच दिवसांत, ६ ऑगस्टला, सक्तीचे सर्वंकष आर्थिक निर्बंध आले. कासिंगानंतर जे दहा वर्षांत झाले नाही ते कुवेतनंतर चार दिवसांत झाले. सनद तीच होती, दालन तेच होते. बदलली होती ती बड्या राष्ट्रांची गरज. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा पुन्हा चित्र पालटले: हल्लेखोरच कायम सदस्य, म्हणून परिषद लुळी; महासभेत १४१ देशांनी निषेध केला आणि ३५ देश तटस्थ राहिले. त्या ३५ देशांत आपणही होतो. १९४६ चा भारत आठवणाऱ्याला हे टोचल्याशिवाय राहत नाही. त्यामागे कारणे असतील, आणि ती समजून घ्यायला हवीत. पण १९७६ मध्ये अंगोलाच्या बाबतीत तटस्थ राहिलेल्यांकडेही कारणे होतीच.

म्हणून हे पुस्तक केवळ एका संपलेल्या राजवटीचा इतिहास म्हणून वाचू नये अशी माझी विनंती आहे. सीमापार हल्ले थांबलेले नाहीत आणि 'तीव्र शब्दांत निषेध' हा मथळा आपल्या वर्तमानपत्रांत पुन्हा पुन्हा येणार आहे. तो वाचल्यावर खांदे उडवून पान उलटणे सोपे आहे. त्याऐवजी वाचकाने विचारावे: आक्रमक कोण हे नाव घेऊन सांगितले का? त्याची सबब फेटाळली का? किंमत कोणती ठरली आणि ती कधीपासून लागू? हल्ला झालेल्याला धान्य, इंधन, रस्ता कोण देणार? आणि हे सगळे कोणी अडवले, कशासाठी? जे सरकार आपल्या नावाने मत देते, त्यालाही हेच प्रश्न विचारायला हवेत. फ्रंटलाइन देशांनी जगाच्या दिरंगाईची किंमत माणसे, लोहमार्ग, सरकारे गमावून मोजली. पुढच्या वेळी ती दिरंगाई कमी व्हावी, हे घडवून आणणे नागरिकांच्या हातात आहे. कारण अमेरिकी काँग्रेसचे ते मतदान, बँकांचा तो निर्णय आणि राष्ट्रकुलातली ती फूट या तिन्ही गोष्टी सरकारांना आपणहून सुचल्या नव्हत्या. लोकांनी त्या करायला भाग पाडले होते.